गवाह पुसला

माझं नाव कचरू. आईची माझ्या आधीची दोन लेकरं राहिली नव्हती, म्हणून मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि हे नाव दिलं. हे तरी जगावं म्हणून. जगलो, आणि पुढं पस्तीस वर्षं लोकांच्या मोटारींच्या इंजिनांवरची घाण काढून पोट भरलं.

या दिवाळी अंकाचे संपादक माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांची गाडी दर दिवाळीच्या आधी मीच साफ करायचो. ते म्हणाले, "मामा, तुमचे किस्से लिहा. उंदीर, मांजरं, तऱ्हेवाईक मालक. लोक हसतील." मी हो म्हणून बसलो. चार दिवस वही उघडली. उंदीर आठवला, मालक आठवले, आणि त्यांच्या मागोमाग शोभाताईची गाडी आठवली. पेन तिथंच अडकलं. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, यात हसण्यासारखं थोडंच आहे. सणासुदीला कुणाला जड वाचायचं नसंल तर त्यानं पान उलटावं, मला राग नाही.

माझं काम काय ते आधी सांगतो. बाहेरून गाडी धुणारे गल्लोगल्ली सापडतात. बोनेट उघडून आत हात घालणारा वेगळा. मी पडेगावला राहतो. मोपेडला दोन बादल्या अडकवून निघायचो आणि सिडको, गारखेडा, उस्मानपुरा, जिथं बोलावणं असंल तिथं मालकाच्या अंगणातच काम करायचो. गिऱ्हाईक सगळं जुन्या गाड्यांचं. नव्या गाडीचं इंजिन प्लास्टिकच्या झाकणाखाली लपवलेलं असतं, मालकाला वाटतं आत सगळं स्वच्छच असणार. असो.

इंजिन थंड पाहिजे. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की तडा जातो. आधी बॅटरीची वायर सोडवायची. मग जिथं पाणी शिरलं की गाडी रुसते, तिथं प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या. हवा आत घेणारं तोंड, प्लगच्या वायरी, करंट तयार करणारा डायनामो. मग कोरड्या ब्रशनं धूळ झाडायची. मग डिझेलमध्ये बुडवलेला ब्रश, बारीक खाचांना दात घासायचा जुना ब्रश, वरून साबणाचं ओलं फडकं, मग कोरडं फडकं, आणि बोनेट उघडं ठेवून दोन तास ऊन. पाण्याचा फवारा कधीच मारायचा नाही. एका कंत्राटदारानं माझं न ऐकता स्वतः पंप आणून फवारा मारला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोरीचं लग्न. नवरदेवासाठी फुलांनी सजवलेली तीच गाडी वऱ्हाडानं मंगल कार्यालयापर्यंत ढकलत नेली. मी वरातीतच होतो. मीही ढकलली.

हे काम मला रशीद उस्तादांनी शिकवलं. दौलताबाद रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. माझं लग्न झालेलं, हाताला काम नाही, तेव्हा त्यांनी ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी मी फडकं घेऊन इंजिनावर तुटून पडलो, तर त्यांनी मनगट धरलं. म्हणाले, "कचरू, मैल बोलता है रे. पैले उसकी सुन, बाद में पोंछ."

आणि मळ खरंच बोलतो. काळं, जाड, वर धूळ बसलेलं तेल म्हणजे जुनी गळती, घाई नाही. ओलं, चमकणारं म्हणजे ताजी. हिरवट पांढरी खपली दिसली की रेडिएटरचं पाणी झिरपतंय. आणि बॉडीच्या रंगाला फोड आले असतील, पापुद्रे सुटत असतील, तर ते ब्रेक ऑईल. ब्रेक ऑईल रंग खातं. तिथं हातातलं काम थांबवायचं आणि मालकाला हाक मारायची.

उस्तादांची एक पद्धत होती, ती दुसऱ्या कुठल्या गॅरेजात मी पाहिली नाही. गळती दिसली की तिथं तळहाताएवढी जागा तशीच घाण सोडायची. बाकीचं इंजिन लखलखीत, आणि मधेच तो डाग. मालकाला बोलवायचं, बोट ठेवून दाखवायचं, आणि तो 'बघितलं' म्हणाला की मगच पुसायचं. त्या डागाला उस्ताद गवाह म्हणायचे. "गवाह मालिक के सामने पोंछना," ते बजावायचे. "पीठ पीछे पोंछा, तो तू कारीगर नै, चोर है."

या गवाहावरून मी किती शिव्या खाल्ल्या असतील! "अहो मामा, एवढा डाग राहिला की!" गारखेड्याचे एक प्राध्यापक तर म्हणाले, "तुम्हाला दिसत नसेल तर चष्मा करून घ्या." मी त्यांना बोट ठेवून गळती दाखवली, आणि मग एअर फिल्टरच्या मागं उंदरानं केलेलं घरटंही दाखवलं. घरटं उत्तरपत्रिकांचं होतं, निम्म्या कुरतडलेल्या.  त्या उत्तरपत्रिकांना मार्क प्राध्यापकांनी कधीच, न तपासता, देऊन टाकले होते.

अशी चौतीस-पस्तीस वर्षं मी गवाह सोडत आलो, दाखवत आलो. शहरातले जुने गाडीवाले म्हणायचे, कचरूमामानं पुसलेली गाडी डोळे झाकून घ्यावी. मला ते ऐकायला लई गोड वाटायचं. खोटं कशाला बोलू, छाती फुगायची.

आता काळे साहेब. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सिडकोत बंगला. बारा वर्षं त्यांची पांढरी गाडी माझ्या हाताखाली होती. माणूस भला. मला कधी फाटकाबाहेर उभं केलं नाही, चहा आपल्याच कपबशीतून दिला. माझ्या लेकीला कॉलेजात प्रवेश मिळत नव्हता, तेव्हा स्वतः तिच्याबरोबर जाऊन दोन तास बाकावर बसले. अशा माणसाचा शब्द कसा मोडायचा, ते तुम्हीच सांगा. नका सांगू. मोडायचा असतो, एवढं आता मला कळतं.

साहेब मुलाकडं पुण्याला कायमचे निघाले होते. गाडी विकायची होती. फोन आला, "कचरू, उद्या दुपारी गिऱ्हाईक येणार आहे. सकाळी येऊन इंजिन एकदम चकाचक कर."

सकाळी जाऊन बोनेट उघडलं. ड्रायव्हरच्या समोरच्या बाजूला एक मुठीएवढा सिलिंडर असतो. आपण ब्रेकवर पाय दाबला की तो ऑईल चाकांकडं ढकलतो. त्याला मास्टर म्हणतात. त्या मास्टरच्या खाली ओलं होतं, आणि रंगाला फोड आले होते. वरच्या डबीत ऑईल खालच्या रेघेच्याही खाली. मी बाकी इंजिन साफ केलं, तेवढी जागा सोडली आणि साहेबांना हाक मारली.

ते पायजम्यावर बाहेर आले. मी बोट ठेवलं. "साहेब, मास्टरचं सील गेलंय. आज थेंब थेंब गळतंय. एक दिवस पाय खाली जाईल आणि गाडी थांबायची नाय."

साहेबांनी वाकून पाहिलं. "बघितलं," म्हणाले. मग जरा थांबून, "पुसून टाक. डबी भर."

"साहेब, गिऱ्हाइकाला..."

"कचरू, जुनी गाडी आहे. घेणारा गॅरेजला दाखवूनच घेतो. आता सील बदलत बसायला मला वेळ आहे का? परवा सामानाचा ट्रक येतोय." आणि आत जाता जाता, आवाज न चढवता, म्हणाले, "तू साफ करायला आलास. विकायला नाही."

मी उभा राहिलो. उस्तादांचं म्हणणं मला पाठ होतं. पण मालकानं बघितलं होतं की! मालक कोण, काळे साहेब. ते 'बघितलं' म्हणाले. नियमाप्रमाणं माझं काम झालं. अशी मी मनाची समजूत घातली आणि फडकं उचललं. फोड आलेला रंग खरवडून काढला, तिथं डिझेलचा हात फिरवला, म्हणजे उघडा पत्रा डोळ्यांत येऊ नये. हा जुन्या गाड्या विकणाऱ्या दलालांचा धंदा. तीस वर्षं मी त्याला नावं ठेवत आलो होतो. डबीही मीच भरली.

गिऱ्हाईक दुपारी यायचं होतं, ते अकरालाच आलं. एक बाई आणि तिचा म्हातारा बाप. बाई म्हणजे शोभाताई, फुलंब्रीकडं एका गावात नर्स. रोज एसटी आणि वडापच्या जीपमध्ये हाल काढून दमलेली. बापाला आबा म्हणत होती. आबा चितेगावच्या एका कंपनीत मशीनवर काम करून निवृत्त झालेले, अंगानं काटक, धोतर-टोपी.

माझ्या मोपेडला निळा झेंडा चिकटवलेला होता. तो बघून ताई म्हणाली, "जय भीम, मामा."

"जय भीम, ताई."

आबांनी हात मागं बांधून बोनेटमध्ये डोकं घातलं. मशीनवर आयुष्य काढलेला माणूस, त्याची नजर बरोबर जिथं जायची तिथं जात होती. नळ्या पाहिल्या, रेडिएटर पाहिला, मास्टरवरूनही नजर फिरली. "आरं बाबा, आरशावानी केलंय की इंजिन!" ते म्हणाले. "कंपनीत मशीनखाली तेलाचा एक थेंब दिसला ना, मी मशीन बंद करायचो. सायबाची बोलणी खायचो, पण बंद करायचो. हितं तर थेंब नाय."

मी ब्रश धुवायला घेतले.

ताई जवळ आली, आवाज खाली घेतला. "मामा, मला गाडीतलं काही कळत नाही. आबांना मशीन कळतं, गाडी नाही. तुम्ही रोज इंजिनं बघता. आपला माणूस म्हणून विचारते, घेऊ का?"

साहेब ओसरीवर खुर्चीत पेपर वाचत होते. पान उलटत नव्हते. मी म्हणालो, "घ्या ताई. साहेबांनी लई जपलीय."

त्यातला शब्दन् शब्द खरा होता. साहेबांनी गाडी जपलीच होती. खोटं बोलायला दरवेळी खोटे शब्द लागत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. ताईनं माझा नंबर लिहून घेतला. "काही अडलं तर फोन करीन हं मामा." मी म्हणालो, "कधीबी करा."

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. बुधवार होता. "मामा, हँडब्रेक खाली केला तरी तो लाल दिवा मधूनच लागतो. खड्ड्यात दचका बसला की लागतो, परत जातो."

मला ऐकताक्षणी कळलं. डबीतलं ऑईल खाली गेलं की तोच दिवा लागतो. मी भरलेली डबी तीन आठवड्यांत रिकामी होत आली होती. 'ताई, गाडी जागेवरून हलवू नका,' एवढं म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण तसं म्हटलं की ती विचारणार, का मामा? काय झालंय? तुम्हाला कसं माहीत? मग मी काय सांगायचं?

म्हणालो, "काय नाय ताई, वायर ढिली असंल. रविवारी येतो, बघून टाकतो."

"गाडी चालवू ना तोवर?"

"सावकाश चालवा."

माझा बेत असा होता की रविवारी नवं सील घेऊन जायचं, वायर बघतो म्हणत गुपचूप बसवायचं, ऑईल भरायचं. कुणाला काही कळायचं नाही, मीही सुटलो, साहेबही सुटले. गुरुवारी जाऊन सील आणूनही ठेवलं. ते अजून माझ्या कपाटात आहे, पुडीसकट.

शुक्रवारी ती आबांना डोळे तपासायला शहरात आणत होती. फुलंब्रीच्या अलीकडं शेतातून एक ट्रॅक्टर रस्त्यावर आला. ताईनं ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला. पुन्हा दाबला, पुन्हा खाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाया बसलेल्या होत्या. तिनं गाडी बाजूला ओढली आणि ती पुलाच्या कठड्याला धडकली. तिच्या कपाळाला सात टाके पडले. आबांचं कंबरेचं हाड मोडलं.

मी दवाखान्यात गेलो. जिना चढताना मनाशी ठरवलं होतं, सगळं सांगून टाकायचं. वर ताई बाकावर बसली होती, कपाळाला पट्टी. मला बघून रडायला लागली. म्हणाली, "मामा, ब्रेक लागलाच नाही, पण बरं झालं गाडी मजबूत होती. दुसरी असती तर आम्ही वाचलोच नसतो."  मी तिला चहा आणून दिला आणि घरी आलो.

काळे साहेबांना पुण्याला फोन केला. काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "अरे, जुन्या गाडीचं असंच असतं. तू मनाला लावून घेऊ नकोस." नंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. मी त्यांना दोष देऊन बघितला. दोन-तीन महिने तो दोष पुरला. मग संपला. त्यांनी पुस म्हटलं, पण हात माझा होता. आणि बुधवारी फोनवर मी बोललो तेव्हा कुणी साहेब माझ्याजवळ नव्हते.

आबा पुन्हा उठले नाहीत. ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण पाय टेकेनात. रोज पहाटे दोन कोस चालणारा माणूस खाटेला खिळला. चार महिन्यांनी ताईचा फोन आला, "मामा, गाडी अंगणात नुसती उभी आहे. आबांना खाटेवरून तीच दिसते. भंगारवाल्याला देऊन टाकते. तो म्हणतो इंजिन चांगलं दिसलं तर बरं. तुमच्या हातानं एकदा साफ करून द्या ना."

नाही म्हणायची छाती झाली नाही. मोपेडला बादल्या अडकवल्या आणि गेलो. बोनेट वाकडं झालं होतं, पहारीनं उचकटून उघडलं. आत चार महिन्यांची धूळ होती. आणि मास्टरच्या खाली, मी डिझेल फिरवलेल्या जागेत, आजूबाजूचाही रंग पार पत्र्यापर्यंत खाल्लेला, त्याच्यावर तांबूस गंज, आणि ओघळ थेट खालपर्यंत गेलेला. मी पुसलेला गवाह होता तिथं परत येऊन बसला होता.

मी बाकी सगळं साफ केलं. तेवढी जागा सोडली.  मग ताईला हाक मारली. "ताई, हितं बघा."

ती पदराला हात पुसत आली. "काय आहे मामा?"

"ब्रेकचं ऑईल गळत होतं."

ती वाकून पाहत राहिली. खाटेवरून आबाही मान वळवून बघत होते. त्यांना खाटेवरून आतलं दिसणं शक्यच नव्हतं, तरी बघत होते. ताईनं सरळ होऊन माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. नर्स पेशंटला विचारते तसं शांतपणे विचारलं, "कधीपासून?"

मी म्हणालो, "काय माहीत."

 खाटेवरून आबा म्हणाले, "शोभे, कचरूला चहा दे. उन्हातान्हाचा आलाय." मी तो चहा प्यायलो. मग फडकं घेतलं आणि तो गवाहही पुसला, तिच्या देखत. घरी येऊन बादल्या, ब्रश, सगळं पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. तेव्हापासून काम बंद. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगतो.

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. मी मातीला गेलो होतो. गर्दीत मागं उभा राहिलो. ताईनं मला पाहिलं आणि पुढं बोलावून घेतलं, घरच्या माणसांत. रशीद उस्ताद त्याच्या कितीतरी आधी गेलेले. ते असते तर मी त्यांना तोंड दाखवलं नसतं.

संपादक साहेब, किस्से मागितलेत आणि हे लिहून दिलं, माफ करा. हवं तर छापू नका. पण छापा, कारण शोभाताई हा अंक दर दिवाळीला घेते, एकदा तिच्या घरी टीपॉयवर मी पाहिलाय. समोर उभं राहून सांगायची हिंमत या जन्मात माझ्यात येणार नाही, हे मला पक्कं कळून चुकलंय.

ताई, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, कधीपासून. मला माहीत होतं. सिडकोतल्या त्या अंगणात तुम्ही आबांचा हात धरून फाटकातून आत आलात, तेव्हा माझ्या हातातलं फडकं अजून ओलं होतं.